गटासाठी ओपन सोर्स प्रकल्प कसा निवडावा

एकत्र मिळून योगदान देण्यासाठी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो असा, सॉफ्टवेअर प्रकल्प निवडताना तो किती प्रसिद्ध आहे यापेक्षा तो आज किती जागता आहे, हे गटाने आधी पाहावे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील अलीकडच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल प्रकल्पात सामावून घेण्याच्या विनंत्या, एकत्र बसून वाचाव्यात आणि नवख्या माणसाच्या पहिल्या बदलाला किती दिवसांत व कोणत्या सुरात उत्तर मिळाले, हे तपासावे. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. कोड वापरण्याची व बदलण्याची मुभा देणारा परवाना जोडलेला नसेल, तर तो प्रकल्प सोडून द्यावा. उरलेल्यांपैकी एक प्रत्येकाने स्वतःच्या लॅपटॉपवर बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करून पाहावा, कारण लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरसारख्या, मुख्यतः सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या अवाढव्य प्रकल्पाचे पहिले बिल्ड साध्या यंत्रावर तासन्‌तास चालते. लिबरऑफिसमध्ये नवख्यांसाठीच्या कामांना ‘ईझी हॅक’ म्हणतात. निवडलेल्या प्रकल्पात अशी कामे प्रत्येकाच्या वाट्याला येतील इतकी आहेत का, हे मोजूनच होकार द्यावा.