ग्राफाना सबपाथवर बसवताना: एका स्लॅशचं गणित

ग्राफाना (आलेख आणि डॅशबोर्ड दाखवणारं ॲप) 3000 पोर्टवर चालतंय, पुढे एन्जिनएक्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे आलेल्या विनंत्या ॲपकडे पोचवायला, आहे, डोमेन आणि सर्टिफिकेट तयार आहे, इतकं मी धरून चालतो. डोमेनच्या मुळावर दुसरं ॲप आहे, म्हणून ग्राफाना /ग्राफाना/ या पाथखाली, म्हणजे सबपाथवर हवं आहे.

वेगळं सबडोमेन मिळत असेल तर तेच घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. एकाच डोमेनवरची सगळी ॲप्स ब्राउझरच्या लेखी एकच साइट असतात, त्यामुळे एकात शिरलेला माणूस दुसऱ्यापर्यंत सहज पोचतो. पण बऱ्याच ठिकाणी डीएनएस (डोमेनच्या नावांची व्यवस्था) दुसऱ्याच्या हातात असतं आणि आपल्या वाट्याला एकच नाव येतं. तेव्हा सबपाथशिवाय इलाज नसतो.

एन्जिनएक्सच्या फाइलला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा: पाथमधला /ग्राफाना हा तुकडा प्रॉक्सी कापणार, की ॲपपर्यंत जाऊ देणार? हे ठरतं प्रॉक्सी_पासच्या, म्हणजे एन्जिनएक्सला ॲपचा आतला पत्ता सांगणाऱ्या ओळीतल्या शेवटच्या स्लॅशवर. पत्ता 127.0.0.1:3000 असा संपला तर आलेला पाथ जसाच्या तसा आत जातो. 127.0.0.1:3000/ असा संपला तर लोकेशनशी (एन्जिनएक्समध्ये ज्या पाथसाठी ही ओळ लिहिली आहे त्याच्याशी) जुळलेला भाग कापला जातो. ब्राउझर /ग्राफाना/लॉगिन मागतो, ॲपला दिसतं नुसतं /लॉगिन.

या स्लॅशने माझा अख्खा शनिवार खाल्ला. कुठूनतरी उचललेल्या कॉन्फिगमध्ये स्लॅश होता आणि ग्राफानामध्ये मी रूट_यूआरएलमध्ये बाहेरचा पत्ता देऊन सर्व्ह_फ्रॉम_सब_पाथ (सबपाथ ॲपनेच सांभाळायची सेटिंग) चालू केलं होतं. ब्राउझर सांगायला लागला की रीडायरेक्ट फार होतायत. होणारच. प्रॉक्सी तुकडा कापायची, ग्राफानाला तो दिसायचा नाही, म्हणून ते ब्राउझरला परत /ग्राफाना/ वर पाठवायचं आणि प्रॉक्सी पुन्हा कापायची. वैतागून मी ग्राफानाच्या दोन्ही सेटिंग काढून टाकल्या. आता /ग्राफाना/ उघडलं की थेट डोमेनच्या मुळाखालच्या /लॉगिन वर, म्हणजे शेजारच्या ॲपच्या 404 वर. हाताने /ग्राफाना/लॉगिन टाकलं तर पान आलं, पण स्वतःच्या फाइली लोड झाल्या नाहीत अशी तक्रार करत. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये लाल ओळींची रांग होती आणि प्रत्येक पत्ता /पब्लिक/ पासून सुरू होत होता. पुढचं /ग्राफाना गायब.

तेव्हा कळलं की पाथ दोनदा सांभाळावा लागतो, आत येताना आणि बाहेर जाताना. प्रॉक्सीची कापाकापी फक्त आत येण्यापुरती असते. पानातल्या लिंका, लॉगिननंतरचं रीडायरेक्ट, कुकीचा पाथ हे सगळं ॲप बनवतं. म्हणून स्लॅश ठेवा किंवा काढा, बाहेरचा पत्ता ॲपला सांगावाच लागतो.

ग्राफानासाठी माझी मांडणी ठरलेली आहे. रूट_यूआरएलमध्ये एचटीटीपीएससकट पूर्ण बाहेरचा पत्ता, शेवटी /ग्राफाना/. सर्व्ह_फ्रॉम_सब_पाथ ट्रू. लोकेशन /ग्राफाना/, आणि प्रॉक्सी_पासच्या शेवटी स्लॅश नाही. हेच कॉन्फिग गिटीला (कोड साठवायच्या ॲपला) लावू नका. त्यालाही रूट_यूआरएलमध्ये सबपाथ लागतो, पण साधारण मांडणीत येणारा पाथ मात्र कापलेला हवा असतो. प्रत्येक ॲपचं डॉक्युमेंटेशन वेगळं वाचा.

सब_फिल्टर, म्हणजे एन्जिनएक्सची उत्तरातला मजकूर बदलायची सोय, लावून पानातल्या लिंका बदला, हा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. ते मुळात फक्त एचटीएमएल बघतं, जीझिप होऊन (दाबून लहान होऊन) आलेल्या उत्तरात त्याला काही सापडत नाही, आणि जावास्क्रिप्ट चालू असताना जोडले जाणारे पत्ते त्याच्या हाती लागतच नाहीत. आज चालल्यासारखं दिसतं, ॲपच्या पुढच्या अपडेटला मोडतं. ज्या ॲपमध्ये बेस यूआरएल, म्हणजे बाहेरचा पत्ता, द्यायची सोय नाही, ते सबपाथवर ठेवूच नका.

लोकेशनच्या शेवटचा स्लॅश गाळू नका, नाहीतर /ग्राफाना-जुनं सुद्धा त्यातच अडकेल.

होस्ट (ब्राउझरने मागितलेलं डोमेन) आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (एचटीटीपी की एचटीटीपीएस) हे हेडर प्रॉक्सीतून ॲपकडे पुढे पाठवा. होस्ट पाठवायचा राहिला तर लॉगिन करताना ‘ओरिजिन नॉट अलाउड’ येतं आणि माणूस उगाच पासवर्ड तपासत बसतो. लाइव्ह पॅनेलसाठी एचटीटीपी 1.1 आणि अपग्रेड, कनेक्शन हे दोन हेडर.

कॉन्फिग तपासा, एन्जिनएक्स रीलोड करा, ग्राफाना रीस्टार्ट करा.

पहिली चाचणी ब्राउझरमध्ये करू नका. तो जुनं 301 (कायमचं रीडायरेक्ट) लक्षात ठेवतो, आणि दुरुस्त झालेलं कॉन्फिगही बिघडलेलं वाटतं. टर्मिनलमधल्या कर्ल कमांडने /ग्राफाना/ मागवा आणि उत्तरातलं लोकेशन हेडर (रीडायरेक्ट कुठे जातंय ते) बघा. तिथे /ग्राफाना/लॉगिन हवं. नुसतं /लॉगिन असेल तर रूट_यूआरएलमध्ये सबपाथ लिहायचा राहिलाय. मग प्रायव्हेट विंडोत लॉगिन, लॉगआउट, परत लॉगिन करून बघा. शेवटी एक चाचणी अलर्ट स्वतःला ईमेल करा आणि त्यातली लिंक फोनवरून उघडा. तिथे लोकलहोस्ट दिसलं, तर तुम्ही बदललेली फाइल ग्राफाना वाचतच नाहीये.