अमेरिकन इंग्रजीतली ‘स्ट्राइक’: अनुवाद करताना या चुका टाळा

अमेरिकन मजकुरात ‘स्ट्राइक’ दिसली की नवा अनुवादक एक तर ‘हल्ला’ लिहितो, नाही तर ‘संप’. लेख आणि उपशीर्षकं तपासण्याचं काम मी करते, आणि हे दोन शब्द खोडून खोडून आता वीट आलाय. एक बेसबॉलचा सामना नीट बसून पाहिला असता, तर यातल्या निम्म्या चुका झाल्याच नसत्या.

मुळातली चूक: स्ट्राइक म्हणजे फटका समजणं

हिचं खापर थोडं क्रिकेटवरही फोडायला हवं. आपल्याकडे स्ट्राइक मिळणं म्हणजे खेळायची संधी मिळणं, स्ट्राइक रेट वाढला की कौतुक. त्यामुळे शब्द कानावर पडताच काहीतरी चांगलं झालंय असं वाटतं. बेसबॉलमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे स्ट्राइक ही बॅटरच्या विरोधात लागलेली खूण असते. त्याने बॅट फिरवली आणि चेंडू हुकला, की स्ट्राइक. त्याने बॅट हलवलीच नाही, पण चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला, तरी स्ट्राइक. ही चौकट १७ इंच रुंदीच्या होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीच्या, वर धरतात, गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापासून खांदा आणि कंबर यांच्या मधोमधपर्यंत. बॅट लागून चेंडू फाउल हद्दीत, म्हणजे रेषेबाहेर, गेला तरी पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत तोही मोजला जातो. तिसरी झाली की सहसा बॅटर बाद.

काहीच न करता स्ट्राइक कशी लागते, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. जुन्या खेळात बॅटर मनासारखा चेंडू येईपर्यंत एकेक चेंडू सोडत उभे राहायचे आणि डाव पुढे सरकायचाच नाही. म्हणून १८५८ साली नियम आला, की चांगला चेंडू सोडला तर अंपायरने स्ट्राइक द्यायची. हे एकदा समजलं की लाक्षणिक अर्थ आपोआप उलगडतो. एखाद्या उमेदवाराच्या ‘विरोधात आधीच दोन स्ट्राइक आहेत’ असं अमेरिकन लेखक म्हणतो, तेव्हा त्याच्यावर दोनदा कुणी तुटून पडलेलं नसतं. त्याच्याकडे आता चुकायला जागा उरलेली नाही, एवढंच सांगायचं असतं. मराठीत मी ‘आधीच दोन गोष्टी त्याच्या विरोधात आहेत, आता एकही चूक परवडणार नाही’ असं सरळ लिहिते. शब्द वाढतात, वाढू देत.

तिसरी स्ट्राइक आणि तुरुंग

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, कारण हिने लेखाचा मुद्दाच मरतो. एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या तुरुंगांवरचा अनुवादित लेख माझ्याकडे आला होता. त्यात एका माणसाला ‘तिसऱ्या हल्ल्याबद्दल’ पंचवीस वर्षं ते जन्मठेप झाली, असं वाक्य होतं. वाचायला अगदी सुरळीत. चित्रकाराने तेवढ्यावर विसंबून सुरा घेतलेल्या माणसाचं चित्रही काढून दिलं होतं. मूळ लेख मागवला, तर तो ‘युइंग विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यावर निघाला. त्या माणसाची तिसरी स्ट्राइक होती दुकानातून तीन गोल्फ स्टिक चोरल्याची. प्रत्येकीची किंमत ३९९ डॉलर, आणि त्या त्याने पँटमध्ये लपवल्या होत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा कायम ठेवली. चोरी एवढीशी आणि शिक्षा आयुष्यभराची, हीच तर लेखाची तळमळ होती. ‘हल्ला’ शब्दाने ती पुसून टाकली आणि वाचकाला शिक्षा रास्त वाटली. चित्र नव्याने काढावं लागलं, छापखान्याला थांबवावं लागलं.

ही शिक्षा वारंवार गुन्हा करणाऱ्यांना जबर शिक्षा देणाऱ्या कायद्याखालची. वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये आणलेल्या अशा कायद्यांना ‘तीन स्ट्राइक’चं नाव बेसबॉलवरूनच पडलं: तिसऱ्यांदा बाद. कॅलिफोर्नियात आधीचे दोन गुन्हे गंभीर किंवा हिंसक असावे लागत, पण तिसरा कोणताही फेलनी, म्हणजे मोठ्या वर्गात मोडणारा गुन्हा चालत असे. २०१२ मध्ये मतदारांनी ते बदललं आणि तिसराही, काही अपवाद सोडले तर, गंभीर किंवा हिंसकच हवा असं ठरलं. तपशील माहीत नसेल तर थांबा, शोधा. यंत्राने दिलेलं भाषांतर गुळगुळीत करून पाठवण्याची जी घाई हल्ली दिसते, ती मला अजिबात मान्य नाही. असल्या चुका त्या गुळगुळीतपणातच लपतात.

गंमत म्हणजे हाच अर्थ आपल्या मुलांना पाठ आहे. ‘चॅनलला स्ट्राइक आली’ हे मराठी युट्यूबर रोज बोलतात, नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक झाल्या की चॅनल जाऊ शकतं हेही त्यांना ठाऊक असतं. तीच समज अनुवादाला बसताना कुठे जाते?

‘स्ट्राइकआउट’ कुणाचा, हे न पाहणं

स्ट्राइकआउट म्हणजे तिसरी स्ट्राइक लागून बॅटर बाद होणं. बेसबॉलपटू नोलन रायनच्या नावावर ५,७१४ स्ट्राइकआउट आहेत आणि रेजी जॅक्सनच्या नावावर २,५९७. पहिला आकडा पिचरचा, चेंडू फेकणाऱ्याचा, म्हणजे त्याने इतके बॅटर बाद केले. तो विक्रम आहे. दुसरा बॅटरचा, म्हणजे तो इतक्यांदा बाद झाला. तोही विक्रमच, पण कुणाला नको असलेला. अशी वाक्यं आली की मी समासात पेन्सिलीने ‘पि’ किंवा ‘बॅ’ लिहून ठेवते आणि मगच क्रियापद निवडते. कुणाला ही सवय पोरकट वाटते. मला वाटत नाही.

लाक्षणिक अर्थाने ‘स्ट्रक आउट’ झालेला माणूस तोंडावर पडलेला असतो, त्याला नकार मिळालेला असतो. पण त्यापुढे ‘ऑन हिज ओन’ आलं, तर तो नोकरी सोडून स्वतःच्या वाटेने निघालेला असतो. या दुसऱ्या अर्थाचा बेसबॉलशी काही संबंध नाही. वाक्य शेवटपर्यंत न वाचता हात चालवणाऱ्यांनी नवे उद्योजक अपयशी ठरवलेले मी पाहिलेत.

बाकी थोडक्यात

१९९४ ची ‘बेसबॉल स्ट्राइक’ हा मात्र खरोखरच संप होता. १२ ऑगस्टला खेळाडू बाहेर पडले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, झालीच नाही. बेसबॉल दिसला म्हणून इथे ‘चेंडू हुकला’ लिहू नका.

बोलिंगमधली (क्रिकेटची नव्हे, चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या खेळातली) स्ट्राइक चांगली: पहिल्याच चेंडूत दहाही पिना आडव्या.

क्षेत्ररक्षकाने ‘स्ट्राइक फेकली’ म्हणजे फेक अचूक आली. हेही कौतुकच.

धावफलकावर ३-२ दिसलं तर आधी बॉल, मग स्ट्राइक. इथला ‘बॉल’ म्हणजे बॅटरने सोडलेला, चौकटीबाहेरचा चेंडू. असे चार झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या पहिल्या टप्प्यावर. ‘तीन चेंडू, दोन फटके’ असं भाषांतर आलं, तर मी पुढचा मजकूर तपासत नाही, परत पाठवते.