काकूची आठवण करायची तर कशी करायची, आमच्या चुकांसकट

आमचे काका गिरणीच्या टीममधून कबड्डी खेळायचे. काकू गेल्याला वर्ष होत आलं तेव्हा सगळे जमलो आणि तासभर बोलणं चाललं ते काकांच्या पकडींवर. काकूचा एकटीचा फोटो शोधला तर मिळाला फक्त आधारवरचा. कुणाला असंच काही करायचं असेल तर वाचा.

आधी फोटो. खेळाडूच्या घरात ग्रुपफोटो खंडीभर असतात, बायको कुठेतरी कडेला ताट घेऊन उभी. तेच स्कॅन करा, ६०० डीपीआयला, म्हणजे कडेचा चेहरा मोठा केला तरी फाटत नाही. मोबाइलनेच काढणार असाल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद. अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, मागून दोरा हळूहळू सरकवा. नावं मागे पेन्सिलने लिहा, बॉलपेन पुढे उमटतं.

मग माणसं. "काकू कशी होती" विचारलंत की "देवमाणूस हो" एवढंच मिळतं, संपला विषय. त्यापेक्षा विचारा की तिच्या हातचं शेवटचं काय खाल्लंत, ओरडली कधी होती, तिच्याकडून पैसे कधी घेतलेत... मग लोक थांबत नाहीत, फोन रेकॉर्डिंगला ठेवा (सांगून हं). काकू लालबागला खाणावळ चालवायची, महिन्याचे डबे, आणि १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा डबे खाणाऱ्या गिरणीतल्या पोरांकडे द्यायला पैसे कुठले, तरी हिने डबे चालूच ठेवले, हे आम्हाला तिच्या उधारीच्या वहीवरून कळलं, नावापुढे रक्कम आणि सरळ काट. वसुलीची नोंद कुठेच नाही. ही वही आमच्या एका शहाण्याने फॅमिली ग्रुपवर टाकली. तसं करू नका, त्यातली माणसं अजून आहेत, त्यांची पोरं ग्रुपवर आहेत.

तिच्या नावाने काही द्यायचं तर तिच्यासारखं द्या. आम्ही मुलींच्या कबड्डी टीमला बूट घेतले, आता मॅटवर खेळतात, बूट लागतातच. संस्थेला पैसे दिलेत तर आयकर सवलतीची (८०जी म्हणतात ती) पावती मिळते का विचारा. आणि बक्षिसाची ढाल दिलीत तर तीवर "अमक्यांच्या पत्नी" नको, तिचं नाव घाला, आम्ही माहेरचंही घातलं. कोरणाऱ्याने दोनदा फोन करून विचारलं, हे बरोबर आहे ना.

शेवटी समुद्र. रविवारी भांडी आवरली की काकू चप्पल हातात घेऊन दादर चौपाटीवर, आम्ही पोरं मागे. तिथेच जमायचं ठरलं, पण पहिल्यांदा गेलो तर भरती, उभं राहायला वाळूच नाही! हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे संध्याकाळी जमायचं तर पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपास बघा. अंदाजच आहे हा, त्या दिवशीचं भरतीचं टाइमटेबलही बघून घ्या. ६ डिसेंबरच्या आसपास नको, चैत्यभूमीला गर्दी असते. पणत्या वाऱ्याने विझतात, थर्माकोल-प्लास्टिक अजिबात नको. आम्ही नुसती भेळ खाल्ली. कागद मोजून परत आणा, वारा फार असतो तिथे.