पुसण्याआधीची तयारी

आयसीयूतल्या तीन पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये एकच जंतू आलाय, असा लॅबचा फोन आला की वॉर्डात पहिली ऑर्डर सुटते: सगळं धुऊन काढा. मामा हायपोची (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाची) बादली आणतात, मावशी लॉकर रिकामे करतात, औषधाच्या उघड्या व्हायल (छोट्या बाटल्या) कचऱ्यात जातात. तासाभराने आपण स्वॅब घेऊन पोचतो तेव्हा वॉर्ड लखलखीत असतो आणि जंतू कुठून आला हे शोधायला काही उरलेलं नसतं. माझ्या मते इन्फेक्शन कंट्रोलची खरी तयारी म्हणजे या एका तासाची तयारी. धुवायचं आहेच, पण स्वॅब घेतल्यावर.

म्हणून एक पिशवी कायम भरलेली ठेवा. निर्जंतुक स्वॅब आणि ते ओले करायला निर्जंतुक सलाईन, कारण कोरडा स्वॅब कोरड्या रेलिंगवरून फारसं काही उचलत नाही. हातमोजे, मार्कर, लेबलं, झिपच्या पिशव्या, आइस बॉक्स. जिथे जंतुनाशक आधीच फिरलंय तिथल्या स्वॅबसाठी न्यूट्रलायझर (जंतुनाशकाचा असर थांबवणारा पदार्थ) असलेलं माध्यम लॅबकडून आधीच मागून घ्या. नाहीतर नळीत जंतुनाशकही जातं आणि रिपोर्ट फसवा निगेटिव्ह येतो. पाण्याच्या बाटल्यांत सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर क्लोरीन वाटेतही आपलं काम करत राहतं. नळाच्या तोंडाशी स्यूडोमोनास हा ओलीत वाढणारा जंतू बसलाय का हे बघायचं असेल, तर पाणी वाहू न देता पहिलीच धार बाटलीत धरा.

पहिला फोन मात्र कचराखोलीत करा: आजची गाडी गेली का? उघडी मल्टिडोस (अनेक डोस काढायची) व्हायल, अर्धी संपलेली अँटिसेप्टिकची बाटली, सोनोग्राफीच्या जेलची बाटली, हे सगळं बॅच नंबरसकट राखून ठेवायचं. बर्कहोल्डेरिया सेपेशिया नावाचा जंतू अँटिसेप्टिकमध्येही जगतो, त्यामुळे ‘औषधच ते, त्यात काय असणार’ असं म्हणू नका. त्याच बॅचची न उघडलेली बाटलीही स्टोअरमधून घ्या. फक्त उघड्या बाटलीत जंतू सापडला तर बोट बहुधा वॉर्डाकडे जातं. सीलबंद बाटलीतही तोच निघाला तर प्रकरण एफडीएकडे न्यायचं. लॅबला त्याच वेळी बजावा की जंतू वाढवलेल्या प्लेटा टाकू नका. दोन पेशंटचा जंतू खरोखर एकच आहे का हे पुढे तपासायचं असेल, तर जंतू जिवंत हवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

वहीचे रकाने आत्ताच आखून ठेवा: बेड नंबर, भरतीची तारीख, ऑपरेशनची तारीख आणि टेबल, कॅथेटर-लाइन कधी घातली, नमुना कधी घेतला, त्याआधी कुठल्या वॉर्डात होता. भरती होऊन ४८ तासांच्या आत दिसलेलं इन्फेक्शन साधारणपणे बाहेरून आलेलं धरतात, म्हणून तारखेबरोबर वेळही लिहा. एवढं नीट भरलं तर कितीदा तरी उत्तर वहीतच दिसतं.

मला सर्वांत जास्त धास्ती दुर्बिणीच्या ऑपरेशनची वाटते. टाके निघतात, जखम कोरडी, पेशंट खूश. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बेंबीजवळच्या छिद्रापाशी गाठ येते, पाणी झिरपतं, नेहमीच्या अँटिबायोटिकने हटत नाही. पेशंट एव्हाना गावाकडच्या डॉक्टरांकडे जातो आणि आपल्या रजिस्टरात तो बराच झालेला असतो. कल्चर पाठवलं तरी ४८ तासांत ‘नो ग्रोथ’, कारण याला जबाबदार असणारे मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस किंवा फॉर्ट्युइटम हे जंतू वाढायला तीन ते सात दिवस घेतात. तेव्हा फॉर्मवर ‘दुर्बिणीचं ऑपरेशन, प्लेट जास्त दिवस ठेवा’ असं लिहायची सवय लावा. २००६-०७ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोत अशा इन्फेक्शनचे हजाराहून अधिक संशयित पेशंट नोंदले गेले, आणि तिथला जंतू उपकरणं बुडवायच्या २ टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकालाही दाद देत नव्हता.

आपल्याकडे बघायचं काय? पोर्टचे (छिद्रातून पोटात घालायच्या नळीचे) भाग पूर्ण सुटे करून धुतात का. चिमट्याच्या सांध्यात वाळलेलं काही अडकलंय का. हे भिंग लावून बघा, नुसत्या नजरेला सांधा स्वच्छच दिसतो. ग्लुटराल्डिहाइड कधी तयार केलं त्याची तारीख ट्रेवर आहे का, त्याची ताकद बघायला रोज टेस्ट स्ट्रिप लावतात का. सर्वांत महत्त्वाचं, ट्रेमधून काढल्यावर उपकरण कुठल्या पाण्यात खंगाळतात? एका हॉस्पिटलात सगळं चोख होतं, फक्त खंगाळायचा जार निर्जंतुक पाण्याऐवजी नळावर भरला जात होता. हे मला सिस्टरांनी नाही, मावशींनी सांगितलं. त्यामुळे चौकशीत मावशी-मामांशी आधी बोला, खुर्ची देऊन, मेमोची भाषा न वापरता. आणि या पेशंटना ३० दिवसांवर न थांबता सहाव्या आठवड्यातही एक फोन करायचा असं रजिस्टरातच छापून घ्या.

बाकीचं थोडक्यात. ५ टक्क्यांच्या हायपोचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग म्हणजे १ टक्का; रोज ताजं करा, उन्हात ठेवू नका. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमध्ये निर्जंतुक पाणी, आणि जुन्यावर नवं ओतायचं नाही. व्हॅक्यूम ऑटोक्लेव्हची बोवी-डिक टेस्ट (वाफ आतपर्यंत नीट पोचते का याची) सकाळच्या पहिल्या लोडआधी. सुई टोचली तर एचआयव्हीचं औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हवं, म्हणून पहिला डोस कॅज्युअल्टीत ठेवा, कुलपाची चावी रात्री कुणाकडे असते तेही लिहून ठेवा. ओटीचे दर महिन्याचे ठरावीक स्वॅब बंद करता आले तर करा; त्यातून फाइल जाड होते, दुसरं काही हाती लागत नाही.

दर एक तारखेला पिशवी उघडून स्वॅबची एक्स्पायरी बघा. आइस पॅक जागेवर नसतीलच. कुणाच्या तरी गुडघ्यावर असतात.