मोजोलिशिअस अ‍ॅप सर्व्हरवर चढवताना: प्रॉक्सीची गाठ नीट सोडवा

पर्लमधल्या मोजोलिशिअस या वेब फ्रेमवर्कवर लिहिलेलं अ‍ॅप तुमच्या मशीनवर नीट चालतंय, लिनक्स सर्व्हर हाताशी आहे, डोमेन वळवलंय आणि टीएलएस प्रमाणपत्रही मिळालंय, असं धरून चालतो. पुढे हिप्नोटोड (मोजोलिशिअसचा स्वतःचा वेब सर्व्हर) आणि त्याच्यासमोर प्रॉक्सी म्हणून, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पोचवणारा, एनजिनएक्स, अशी मांडणी करायची आहे.

१. युजर आणि मॉड्यूल्स

अ‍ॅपसाठी वेगळा युजर काढा, रूट म्हणून काहीही चालवू नका. सिस्टमच्या पर्लला हात न लावता मॉड्यूल्स कार्टनने (प्रोजेक्टपुरती मॉड्यूल्स बसवणारं साधन) बसवा. परमिशनची एरर आली की ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) करून मोकळं व्हा, असं सांगणाऱ्याचं पुढचं काहीही ऐकू नका. अ‍ॅपला लिहिण्याची मुभा फक्त लॉग, पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी) आणि अपलोडच्या फोल्डरपुरती हवी.

२. सिक्रेट्स

मोजोलिशिअसचं सेशन सर्व्हरवर नसतं, ते ब्राउझरच्या कुकीत असतं. मूळ सेटिंगमध्ये त्या कुकीवर फक्त सही असते, आतला मजकूर कुणालाही वाचता येतो. म्हणून सेशनमध्ये गुपित काही ठेवू नका. आणि सहीची किल्ली, म्हणजेच सिक्रेट, ज्याच्या हाती लागली, तो स्वतःला अ‍ॅडमिन ठरवणारी कुकी घरबसल्या बनवू शकतो. सिक्रेट दिलं नाही तर अ‍ॅपच्या क्लासचं नाव किंवा कोडमध्येच लिहिलेला ठरावीक शब्द वापरला जायचा. २०२५ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२४-५८१३४ ही सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतली नोंद याचीच. जनरेट कमांडने कॉन्फिगमध्ये टाकलेलं सिक्रेटही कच्च्या रँडम आकड्यांतून येत असल्याचं तेव्हाच पुढे आलं. तेव्हा ओपनएसएसएलकडून ३२ बाइट्सचं सिक्रेट स्वतः काढा, गिटच्या बाहेर ठेवा आणि फाइलला ६०० परमिशन (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या.

सिक्रेट बदलताना नवं यादीत पहिलं लिहा, जुनं त्याच्यामागे ठेवा. नव्या सह्या पहिल्याने होतात, जुन्या कुकीज मागच्याने तपासल्या जातात. सेशनची मुदत मुळात एक तासाची असते. तुम्ही वाढवली असेल तर तेवढा वेळ जाऊ द्या आणि मग जुनं काढा. सेशन कुकीचा सिक्युअर पर्याय (कुकी फक्त एचटीटीपीएसवरून पाठवणारा) मुळात बंद असतो, तो लगेच चालू करा.

३. हिप्नोटोड आणि एनजिनएक्समधली गाठ

खरी डोकेदुखी इथे आहे. मलाही या टप्प्याने पुष्कळ छळलंय, कारण इथे चुकलं तरी अ‍ॅप चालताना दिसतं.

पहिली गोष्ट पोर्टची. हिप्नोटोड मुळात ८०८० वर, तेही सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकतो. म्हणजे एनजिनएक्सला वळसा घालून कुणीही थेट अ‍ॅपशी बोलू शकतं. हिप्नोटोडच्या कॉन्फिगमधल्या लिसनमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता (फक्त त्याच मशीनवरून पोचता येणारा) स्पष्ट लिहा. फायरवॉल आहे म्हणून हे सोडून देणं मला मान्य नाही. फायरवॉलचे नियम कधीतरी कुणीतरी बदलतंच.

दुसरी गोष्ट हेडर्सची, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींची. एनजिनएक्समधून होस्ट (मागितलेलं डोमेन), एक्स-फॉरवर्डेड-फॉर (मूळ आयपी) आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (एचटीटीपी की एचटीटीपीएस) हे तिन्ही पुढे पाठवा आणि हिप्नोटोडच्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सी १ करा. यातलं एकच केलं तर अ‍ॅपला प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरून, साध्या एचटीटीपीने आल्यासारखी दिसते. मग अ‍ॅप एचटीटीपीएसकडे वळवायला जातं आणि ब्राउझर रीडायरेक्टच्या फेऱ्यात अडकतो. चुकीच्या पासवर्डसाठी आयपी अडवत असाल, तर एका माणसाच्या चुकीपायी सगळ्यांचं लॉगिन बंद होतं.

एनजिनएक्सची एक खोड तर फार कमी जण सांगतात. तिन्ही हेडर्स सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिले, आणि नंतर वेबसॉकेटसाठी (ब्राउझरशी उघडी राहणारी दुतर्फी जोडणी) एखाद्या लोकेशन ब्लॉकमध्ये अपग्रेडचा हेडर जोडला, की त्या लोकेशनपुरते वरचे तिन्ही गळून पडतात. खालच्या ब्लॉकमध्ये एक जरी हेडर सेट केला, तरी वरचा वारसा मिळत नाही. ते तिन्ही हेडर्स तिथे पुन्हा लिहा, किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दोन्हीकडे इन्क्लूड करा.

तिसरी गोष्ट विश्वासाची. खरा आयपी हवा तर एक्स-फॉरवर्डेड-फॉर फोडून पहिला पत्ता घ्या, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. एनजिनएक्स आपल्याला दिसलेला पत्ता शेवटी जोडतो. त्याच्या आधीचं सगळं समोरचा माणूस मनाला येईल ते लिहून पाठवू शकतो. मोजोलिशिअस शेवटचाच पत्ता घेतं, ते बरोबर आहे, त्यावर स्वतःचा कोड चढवू नका. एनजिनएक्सच्याही पुढे सीडीएन (जगभरच्या सर्व्हरांवरून साइट पोचवणारी सेवा) असेल तर ट्रस्टेड प्रॉक्सीजची यादी द्या. तिच्यात सीडीएनच्या नेटवर्क्सबरोबर १२७.०.०.१ सुद्धा हवा.

होस्ट हेडरही समोरूनच येतो. अनोळखी होस्टच्या विनंत्या पकडणारा वेगळा डिफॉल्ट सर्व्हर ब्लॉक ठेवा आणि तिथून ४४४ देऊन जोडणी तोडा. नाहीतर पासवर्ड बदलण्याच्या मेलमध्ये हल्लेखोराच्या डोमेनची लिंक जाऊ शकते.

आता तपासा. बाहेरच्या मशीनवरून कर्लने (कमांडने विनंती पाठवणारं साधन) एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये २०३.०.११३.९ असा खोटा पत्ता घालून साइटला विनंती करा. अ‍ॅपच्या लॉगमध्ये आलेला पत्ता लिहून घ्या, तिथे तुमचा खरा आयपी दिसला पाहिजे. मग त्याच बाहेरच्या मशीनवरून थेट ८०८० वर जाऊन पाहा, जोडणी होताच कामा नये. वेबसॉकेटच्या पत्त्यावरही हेच करून पाहा.

४. अ‍ॅपमधलं उरलेलं

मॉर्बो आणि साधा डीमन हे मोजोलिशिअसचे दुसरे दोन सर्व्हर मुळात डेव्हलपमेंट मोडमध्ये चालतात, त्यांच्या एरर पानावर तुमचा कोड जगाला दिसतो. हिप्नोटोड आपणहून प्रॉडक्शन मोड धरतो. टेम्प्लेटमध्ये एक बरोबर-चिन्ह मजकूर एस्केप करतं (एचटीएमएलची खास चिन्हं निष्प्रभ करतं), दोन चिन्हं करत नाहीत. दोन चिन्हं शोधून प्रत्येक ठिकाणी कारण विचारा. प्रत्येक पोस्ट फॉर्मला सीएसआरएफ टोकन (फॉर्म तुमच्याच साइटवरून आल्याची खूण), आणि डीबीआयमध्ये, म्हणजे पर्लच्या डेटाबेस मॉड्यूलमध्ये, फक्त प्लेसहोल्डर; क्वेरीत मजकूर थेट जोडू नका. अपलोडची मर्यादा मोजोलिशिअसमध्ये १६ एमबी, पण एनजिनएक्समध्ये १ एमबी असते. ४१३ ची एरर दिसली तर ती एनजिनएक्सची आहे का, हे आधी बघा.

५. सुरू करणं आणि नवी आवृत्ती

सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) युनिट फाइलमध्ये टाइप फोर्किंग ठेवा आणि पीआयडी फाइलचा पत्ता द्या, कारण नवी आवृत्ती चढताना मॅनेजर प्रोसेसच बदलते. नवा कोड टाकून हिप्नोटोडची तीच कमांड पुन्हा चालवली की जुन्या वर्कर्सना हातातली कामं संपवायला ठरावीक मुदत मिळते आणि मग ते थांबतात. या वेळात जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर चालत असतो. म्हणून कॉलम काढून टाकणारा बदल त्याच फेरीत करू नका, त्याचा वापर थांबवणारा कोड आधी चढवा आणि कॉलम पुढच्या फेरीत काढा.