कोळंबी आणण्याआधीचे सहा आठवडे

अ‍ॅक्वापोनिक्समध्ये, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यातल्या रोपांना फिरवून दोन्ही एकत्र वाढवायच्या पद्धतीत, कोळंबी सोडायची म्हणून कुणी सामानाची यादी मागितली की मी आधी विचारतो, कोळंबी आणणार कधी? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: येत्या रविवारी. टाकी, पंप, पाइप, खडी, रोपं हे सगळं एका रविवारात जमेलही, पण पाणी जमणार नाही. म्हणून ही यादी शेवटाकडून धरायची. कोळंबी सगळ्यात शेवटी, आणि तिच्या आधी किमान सहा आठवडे मोकळे.

दुसरी गोष्ट, यादीतली प्रत्येक वस्तू एकाच कसोटीवर घासायची. कोळंबी वाढते ती कात टाकून. जुनं कवच उतरतं आणि नवं कडक होईपर्यंत ती काही तास मेणासारखी मऊ असते. पळता येत नाही, नांग्या चालत नाहीत, प्राणवायू मात्र जास्त लागतो. शेजारणी हे ओळखतात आणि तिला खातात. ही वेळ बहुधा रात्री येते, तुम्ही झोपलेले असताना. त्या रात्री ही वस्तू तिच्या उपयोगाची आहे का, एवढंच विचारायचं.

पहिला निर्णय जातीचा. खाण्याजोगी मोठी कोळंबी हवी असेल तर मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, जिला बाजार स्कॅम्पी म्हणतो. पाणी उबदार असेल तर पाच-सात महिन्यांत ती तीस-चाळीस ग्रॅमपर्यंत जाते. मात्र घरच्या घरी पिल्लं काढायचा बेत सोडून द्या. मोठी कोळंबी गोड्या पाण्यात मजेत राहते, पण तिच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं, साधारण 12 पीपीटी, म्हणजे हजार भागांत बारा भाग मीठ. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शाओ-वेन लिंग यांनी हे शोधून काढलं, तेव्हा कुठे तिच्या बीजाची, म्हणजे पिल्लांची, केंद्रं उभी राहू शकली. आपण बीज विकत घ्यायचं, तेही नुकतंच गोड्या पाण्यात आलेलं सेंटीमीटरभराचं नको. ते कुठल्याही जाळीतून निसटतं. महिना-दोन महिने वाढवलेलं, आणि सगळं एकाच मापाचं मागा. मोठ्यात लहान मिसळलं की लहानाचं काय होणार हे उघड आहे.

खायची नसेल, नुसती बघायची असेल तर चेरी श्रिम्प, म्हणजे नियोकॅरिडिना. दोन-तीन सेंटीमीटरचा जीव, सगळं आयुष्य गोड्या पाण्यात. मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते आणि पिल्लं थेट आईच्याच रूपात बाहेर येतात. तरंगत्या वाफ्याखाली रोपांच्या मुळांवरचं शेवाळ ती दिवसभर वेचत बसते. पुढचं बहुतेक मी मोठ्या कोळंबीबद्दल लिहितोय, पण पाण्याचे बहुतेक नियम दोघींना सारखेच. जी जात निवडाल ती आपल्याकडे पाळायला परवानगी लागते का, हे बीज मागवण्याआधी विचारून घ्या. आणि नको झाली म्हणून ओढ्यात किंवा नदीत सोडायची नाही, कितीही दया आली तरी.

आता टाकी. मासा पाण्यात राहतो, कोळंबी तळावर राहते, त्यामुळे लिटर मोजून फसू नका. पाचशे लिटरचा उभा ड्रम आणि मीटरभर लांब, मीटरभर रुंद, अर्धा मीटर खोल उथळ टाकी, दोन्हींत पाणी तेवढंच. कोळंबीच्या हिशेबाने मात्र दुसरीत कितीतरी जास्त घरं बसतात. मी एक चौरस मीटर तळाला दहाच्या वर जात नाही. आत प्लॅस्टिकच्या जाळीचे मजले केले, दोन मजल्यांत वीतभर अंतर ठेवलं, तर थोड्या वाढवता येतात. टाकी अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची, शक्यतो गडद रंगाची घ्या. पत्र्याची नको, त्याचं कारण पुढे येतंय. आणि वजन आधी मोजा. पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो, त्यात खडीचा वाफा. दोनशे लिटरचा वाफा खडीने भरला की तीनशे किलोच्या पुढे जातो. गच्चीवर किंवा बाल्कनीत मांडणार असाल तर बांधकामातल्या जाणकाराला विचारल्याशिवाय पाणी भरू नका.

इथे एक कटू हिशेब मांडतो, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. दहा कोळंबी, प्रत्येकी वीस ग्रॅमची, म्हणजे दोनशे ग्रॅम. वजनाच्या तीन टक्के धरलं तर दिवसाला सहा ग्रॅम खाद्य. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज चाळीस ते पन्नास ग्रॅम खाद्य माशांच्या पोटातून जावं लागतं, तेव्हा रोपांना पुरेसं नत्र मिळतं. सहा ग्रॅमवर किती पिकेल? दोन मोठी ताटं शेजारी ठेवली तर जेवढी जागा व्यापतील तेवढी. म्हणजे भाजी हवी तर मासे हवेतच, कोळंबी ही वरकमाई. आणि मासे वेगळ्या टाकीत. तिलापियासारखा मासा एकाच टाकीत ठेवलात तर कात टाकलेली कोळंबी सकाळी शोधायची गरजच उरणार नाही.

पाण्याचा क्रम असा लावा: माशांची टाकी, तिथून खडीचा वाफा, वाफ्यातून गाळून कोळंबीची टाकी, तिथून पंपाने परत माशांकडे. सगळ्यात स्वच्छ पाणी कोळंबीला मिळतं. याची एक मेख आहे. पाइप कुठेही निसटला तरी रिकामी होते ती कोळंबीचीच टाकी, कारण पंप तिच्यात आहे. म्हणून पंप तळाला न ठेवता विटांवर उचलून ठेवा, म्हणजे फुटलंच काही तरी तळाचं वीस सेंटीमीटर पाणी तो ओढू शकणार नाही. त्याच्याभोवती बारीक जाळीचा पिंजरा आणि स्पंज. वाफ्याला बेल सायफन, म्हणजे वाफा भरला की आपोआप रिकामा करणारी नळी, असेल तर टाकीतली पातळी सारखी चढ-उतार करते. सगळ्यात खालच्या पातळीलाही वरचा मजला बुडालेला राहतो का, हे कोळंबी येण्याआधी खुर्ची टाकून अर्धा तास बघा.

लपायच्या जागांवर कंजुषी करू नका. पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे, कौलांचे तुकडे, आडवी टाकलेली मातीची बोळकी, शेडनेटच्या पट्ट्या. नियम साधा: जेवढ्या कोळंबी, त्याहून जास्त बिळं. पाइप कापल्यावर कडा घासून गुळगुळीत करा. मऊ अंग कडेवर फाटतं. धुताना साबण नको.

आता विषांची यादी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. माशांना चालतं ते कोळंबीला चालेल असं समजू नका. फार थोडं तांबंही तिला मारायला पुरतं. पितळेची तोटी, तांब्याची नळी, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा हे सगळं पाण्याच्या वाटेतून काढून टाका. माशांच्या बऱ्याच औषधांत आणि शेवाळ मारायच्या द्रावणांत तांबं असतं. रोपांवर बुरशीसाठी फवारतात ते बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. रोपांवर फवारायच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटलीवरही तांबं लिहिलेलं सापडेल. पानं पिवळी पडली म्हणून नुसतं चिलेटेड लोह, म्हणजे रोपांना घेता येईल असं विरघळतं लोह, द्यायचं असेल तर त्यात फक्त लोहच आहे ना, हे लेबल वाचून ठरवा. कीटकनाशकांचं तर बोलायलाच नको. कोळंबी आणि कीटक दोघेही संधिपाद, म्हणजे सांध्यांच्या पायांचे, कात टाकणारे जीव. जे किड्याला मारतं ते बहुधा तिलाही मारतं. निंबोळी अर्कसुद्धा मी या वाफ्यावर वापरत नाही, कारण तो किड्यांच्या कात टाकण्यातच बिघाड करतो.

माझी चूक सांगतो. टाकीवर काहीही न फवारायचं पथ्य मी पाळत होतो, पण एअर पंप ज्या खोलीत होता तिथे एका संध्याकाळी डासांचं विजेवर चालणारं द्रावण लावलं. टाकी दाराबाहेर होती, म्हणून निर्धास्त होतो. एअर पंप खोलीतली हवा ओढतो आणि तीच बुडबुड्यांतून पाण्यात सोडतो, हे सकाळी लक्षात आलं. सात कोळंबी उताण्या पडल्या होत्या, एकीचे पाय अजून थरथरत होते. मासे खुशाल पोहत होते. तेव्हापासून एअर पंपाच्या खोलीत डासांसाठी फक्त मच्छरदाणी.

नळाचं पाणी उघड्या भांड्यात ठेवून त्यात दिवसभर हवा सोडली की त्यातलं क्लोरीन उडून जातं. क्लोरॅमाइन, म्हणजे क्लोरीन-अमोनियाचं संयुग, असेल तर ते तसं जात नाही, त्याला सोडियम थायोसल्फेटसारखं द्रव्य लागतं. तुमच्या पाण्यात काय घालतात ते विचारून घ्या. आरओचं पाणी एकटं वापरू नका. त्यात कॅल्शियम नसतं, आणि नवं कवच कॅल्शियमशिवाय कडक होत नाही. एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप, 50 ते 150 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असला की छान. तीनशेच्या वरचं पाणीही नको.

टेस्ट किट द्रवाची घ्या, पट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि कार्बोनेट कठीणपणा (क्षारतेचं माप), एवढ्या चाचण्या हव्यात. मग सहा आठवड्यांचं काम सुरू होतं. रिकाम्या टाकीत पाणी फिरतं ठेवा आणि अमोनिया दोन पीपीएम होईल इतकं अमोनियम क्लोराइड टाका, किंवा रोज चिमूटभर माशांचं खाद्य कुजू द्या. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं, मग तेही उतरून नायट्रेट दिसू लागतं. हे काम खडीवर वाढणारे जिवाणू करतात, आणि त्यांना जम बसवायला वेळ लागतो. कुणाच्या चालत्या यंत्रणेतली, रोग नसलेली मूठभर खडी मिळाली तर हा काळ बराच आटोपतो. गार पाण्यात लांबतो. दोन पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य आलं, की पाणी तयार. त्याआधी नाही, दुकानदार काहीही म्हणो.

पीएच सात ते साडेसातच्या आसपास धरा. रोपांना याहून आंबट आवडतं, जिवाणूंना आणि कोळंबीला याहून अल्कधर्मी, तेव्हा ही तडजोड. वर जाऊ देण्यात धोका आहे: अमोनियाचा विषारी भाग पीएच सातवरून आठवर गेला की जवळपास दहापट होतो. आणि खाली तो आपोआप येतच राहतो, कारण एक ग्रॅम अमोनिया-नत्र पचवताना जिवाणू साधारण सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी क्षारता खातात. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून पाण्याच्या धारेखाली टांगा. हळूहळू विरघळतो, क्षारता देतो आणि कॅल्शियमही. खडी निवडताना तिच्यावर व्हिनेगर टाकून बघतात आणि फसफसली तर फेकतात. कोळंबीसाठी थोडी फसफसणारी चालते, पण सगळा वाफा चुनखडीचा नको. पीएच आठला चिकटून बसेल आणि रोपांना लोह मिळणार नाही.

हवेचं थोडक्यात: प्राणवायू पाच मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर हवा. 28 अंशांना पाण्यात मावतोच जेमतेम आठाच्या आत, त्यामुळे हातात फार शिल्लक नसते. दोन एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड, दोन वेगळ्या पंपांवर, आणि त्यातला एक बॅटरीवर चालणारा. कोळंबी पाण्याच्या काठाला गोळा होऊन बाहेर यायला बघत असतील तर आधी हवा तपासा. तापमान 26 ते 31 चांगलं. विसाच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. हीटर लागला तर त्याला जाळीचं कवच घाला.

झाकण हवंच. ही बया रात्री एअर पंपाच्या नळीवरून चढून येते, आणि सकाळी कपाटाखाली वाळलेली सापडते. जाळी ताणून बांधा आणि पाइप आत शिरतात त्या फटीत स्पंज कोंबा.

बुडणारं खाद्य, तीस-पस्तीस टक्के प्रथिनांचं, थोडंच आणून ठेवा. जुनं झालं की खवट होतं. ते एका बशीत संध्याकाळी द्यायचं आणि सकाळी बशी बघायची. उरलेलं काढून टाका, त्या दिवशीचं माप कमी करा. एक रिकामी जाळीची टोपलीही तयार ठेवा. पुढे नरांत निळ्या नांग्यांचा एखादा दांडगा निघतो, तो बाकीच्यांना वाढू देत नाही. त्याला काढलं की नारिंगी नांग्यांचा पुढचा त्याची जागा घेतो, त्यामुळे टोपली फार दिवस रिकामी राहात नाही.

आणायच्या दिवशी पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग पाणी-कोळंबी बादलीत ओतून, हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा. तासा-दीड तासात पाणी तिप्पट झालं की कोळंबी हलक्या जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीचं पाणी बाहेर. दिवे बंद. त्या रात्री खाद्य नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी एखादी निपचित, काचेसारखी कोळंबी दिसेल. छातीत धस्स होतं. काडीने हलकेच ढकलून बघा: आत काही नसेल, मिशांपासून शेपटीपर्यंत नुसतं रिकामं कवच. तिची मालकीण एखाद्या पाइपच्या तुकड्यात आत सरकून बसलेली असेल. कवच काढू नका, दोन दिवसांत ती स्वतःच खाऊन टाकेल. आणि तो पाइप उचलून आत डोकावायचा मोह आवरा.