डिझायनर आहात आणि लोकांना दूध-तुपाशिवाय जेवायला घालायचंय? मग या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता घरी बसून पुण्या-मुंबईची डिझाइनची कामं करतात, आणि त्यातल्या काहींना वाटतं की आपलं स्किल व्हीगन खाण्यासाठी वापरावं, म्हणजे मांस-अंडी तर नाहीच पण दूध, दही, तूप पण नाही. मस्त विचार आहे. पण सुरुवात बहुतेक जण पोस्टरनेच करतात. गायीचा ओला डोळा, खाली भावनिक ओळ, इन्स्टावर टाकलं, लाइक आले, आणि लाइक करणारे कोण तर आधीपासूनच व्हीगन असलेले. ताट कोणाचंच बदललं नाही.

आणि हेच पोस्टर अशा गावात लावलं जिथे दोन म्हशींवर घराचा किराणा चालतो तर ते फाटणारच, तिथल्या माणसाच्या जागी मी असतो तर मी पण फाडलं असतं. दुधाच्या पैशावर शिकलेल्या पोराला तुम्ही गुन्हेगार ठरवताय भो.

त्यापेक्षा आधी बघा की इथे लोक काय खातात. आपण यूजर रिसर्च म्हणतो ना, म्हणजे वापरणाऱ्याच्या सवयी आधी समजून घेणं, तो क्लायंटसाठी करतो आणि स्वतःच्या गल्लीत विसरतो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते, वांगी काड्यांवर भाजून, मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वर तेल, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. दूध कुठेच नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं मानांकन, मिळालाय आणि जळगावच्या केळीला पण. शेवभाजी, पाटोडीचा रस्सा, ठेचा, उडदाची दाळ, सगळं तेलावरचं, तूप फारतर वरून येतं. म्हणजे टोफू बर्गरचा फोटो टाकून लोकांना काहीतरी परकं विकायची गरजच नाही, तो बघून आजी विचारेल "हाई काय शे?" आणि विषय संपला. अडचण खरी आहे ती वरण-बट्टीवरच्या तुपाची, चहाची, आणि लग्नातल्या पनीरची. डिझाइन तिथे लावा.

मेनू कार्डाची चूक सगळ्यात कॉमन. व्हीगन पदार्थांचा वेगळा हिरवा चौकोन करून, पानाचं चित्र काढून, शेवटच्या पानावर टाकायचं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या २०१७ च्या एका प्रयोगात व्हेज पदार्थ मेनूत वेगळ्या खान्यात टाकले तर ते निवडायची शक्यता ५६ टक्क्यांनी कमी झाली. प्रयोग तिकडचा आणि ऑनलाइन होता हे खरं, पण वेगळा चौकोन दिसला की 'हे आपल्यासाठी नाही' असं इथल्या माणसालाही वाटतंच. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या कँटीनमध्ये भाजी तीच ठेवली आणि फक्त नावाची पाटी बदलली, तर चटकदार नाव दिलेली भाजी साध्या नावापेक्षा २५ टक्के जास्त लोकांनी घेतली आणि पथ्यासारखं नाव दिलेल्या भाजीपेक्षा ४१ टक्के जास्त. म्हणून 'ऑइल फ्री हेल्दी व्हीगन एगप्लांट' लिहू नका, 'शेतातलं झणझणीत भरीत' लिहा आणि पहिल्या तिनात ठेवा. बास.

नुसतं नाव बदलून भागत नाही मात्र. केंब्रिजच्या कँटीनमध्ये चारातला एक पदार्थ व्हेज होता तो चारातले दोन केला तर व्हेजची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली, हा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. म्हणजे मेसच्या काकूंना कार्ड देताना हे पण सुचवा की आठवड्यात पनीरचा एक दिवस कमी करून पाटोडी ठेवून बघा, आणि बट्टीवर तूप आपोआप ओतण्यापेक्षा वाटीत बाजूला द्या, ज्याला पाहिजे तो घेईल. किरकोळ वाटतं पण डिफॉल्ट, म्हणजे न मागता जे आपोआप मिळतं ते, बदलणं हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात तगडं हत्यार आहे.

आता लग्नाचा आचारी. त्याला 'व्हीगन' सांगितलं की तो जैन ऐकतो, कांदा-लसूण काढतो आणि चव यावी म्हणून तूप वाढवतो, म्हणजे नेमकं उलटं. उपाय एकच, मोठ्या अक्षरातलं लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर चित्रांसकट दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, मध नाही, आणि खाली 'कांदा-लसूण चालतो, फोडणी तेलाची'. हात तेलकट असतात, धूर असतो, तिथे बारीक फॉन्ट चालत नाही.

पॅकेटचं काम आलं तर हिरव्या टिपक्यावर भरवसा ठेवू नका. दुधाच्या पेढ्यावर पण हिरवाच टिपका असतो. व्हीगनसाठी एफएसएसएआयचे (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचे) वेगळे नियम २०२२ मध्ये आले, लोगो पण वेगळा आहे, आणि तो नेटवरून उचलून चिकटवायचा नसतो, मंजुरी लागते. क्लायंटला आधीच सांगा, नाहीतर छापलेले पाऊच पडून राहतात.

कार्डावर मराठी टाइप करताना जोडाक्षरं फुटत असतील, म्हणजे 'शक्ती'चं 'शक् ती' होत असेल, तर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइप सेटिंगला वर्ल्ड-रेडी लेआउट करा, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक ऑप्शन चालू करा, आणि प्रेसला फाइल देताना अक्षरांची आउटलाइन करूनच (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) द्या कारण त्यांच्याकडे अजून जुने नॉन-युनिकोड फॉन्ट असतात.

तब्येतीचे दावे स्वतःच्या मनाने लिहू नका. वनस्पतींमधून बी-१२ भरवशाने मिळत नाही, गोळी किंवा बी-१२ वरून घातलेलं अन्न लागतं, हे कार्डावर स्पष्ट असू द्या आणि मजकूर आहारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. डिझायनर सुंदर करतो म्हणून चुकीची गोष्ट पण खरी वाटते, हा आपल्या कामातला धोका आहे.

मोजताना लाइक मोजू नका. मेसवाल्याला कार्ड लावायच्या आधीचा आणि नंतरचा हिशोब मागा, किती पाटोडी गेली, किती पनीर उरलं, तूप किती लागलं. आणि त्यासाठी नोकरी सोडायची गरज नाही, रविवारी एक मेस धरा. बिल मात्र द्या, कमी असलं तरी द्या. फुकट केलेलं मेनू कार्ड मालक पुढच्या दिवाळीला भाच्याकडून बदलून घेतो.